तिरफळाचा अर्क, लिव्हरमधले फुगे आणि कंट्रोलची स्लाइड

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली एक फार्मसीची विद्यार्थिनी. तिने बी काढलेल्या तिरफळाच्या टरफलाचा अर्क विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या रॅटना २८ दिवस तोंडावाटे दिला. चार गट, प्रत्येकात पाच नर आणि पाच माद्या. वरच्या डोसला लिव्हरच्या पेशी मोठ्या दिसतात, त्यांत फुगेही दिसतात; पण फुगे कंट्रोलमध्येही, म्हणजे अर्क न दिलेल्या गटातही, आहेत. नरांच्या किडनीत गुलाबी थेंब आहेत, माद्यांत नाहीत. जठराचा एक भाग जाड झालाय. फुफ्फुसात रक्त आहे, तेही सगळ्या गटांत. गाइड म्हणतात, ‘टॉक्सिक लिहून मोकळी हो.’ बाहेरचे परीक्षक म्हणतात, ‘कंट्रोलच बिघडलाय, प्रयोग पुन्हा करा.’ कोणाचं ऐकायचं?

तूर्तास कोणाचंच नाही. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी मी इतक्यांदा पाहिल्यात की वर्णन वाचूनच प्रत्येकीचा संशयित डोळ्यांसमोर आला. चारांपैकी एक बहुतेक औषधाशी संबंधित नाहीच. एक आहे, पण तिला इजा म्हणता येत नाही. उरलेल्या दोन रॅटमध्ये खऱ्या, माणसाबाबत मात्र जवळजवळ निरर्थक. हे सगळं तुमच्याच ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यांमधून, सिद्ध करता येईल, नवीन जनावर लागणार नाही.

सुरुवात कंट्रोलपासून करा. दहाही कंट्रोल जनावरांच्या सगळ्या अवयवांच्या स्लाइड ओळीने वाचा आणि जे दिसेल ते लिहून काढा, अगदी क्षुल्लक असलं तरी. लिव्हरमध्ये इथेतिथे पाच-दहा लिम्फोसाइटचा पुंजका, नराच्या हृदयात एखादा गोल पेशींचा ठिपका, किडनीत निळसर झालेली एखादी नलिका, प्लीहेत मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) आणि रक्त तयार होण्याची गडबड, शिवाय तपकिरी लोहकण. हे सगळं निरोगी रॅटमध्ये असतं. माणसाची पॅथॉलॉजी शिकून आलेल्याला प्लीहेतले मेगाकॅरिओसाइट बघून घाम फुटतो. रॅटची प्लीहा आयुष्यभर रक्त बनवत राहते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. कंट्रोलमध्ये बदल दिसले म्हणजे कंट्रोल बिघडला, हे परीक्षकांचं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. ज्या कंट्रोलमध्ये काहीच सापडत नाही, त्याच्या स्लाइड नीट वाचल्या गेल्यात का, अशी शंका मला आधी येते.

आता लिव्हर. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात आल्यात, त्या सोडवू. फुगे आणि पेशींचा मोठेपणा.

फुगे दोन प्रकारचे. ग्लायकोजन असेल तर पेशीचा आतला भाग जाळीदार, फाटक्या कापसासारखा दिसतो, कडा पुसट असतात आणि केंद्रक मध्येच राहतं. चरबी असेल तर भोकं गोल आणि कडा तासून काढल्यासारखी स्वच्छ. थेंब मोठा झाला की केंद्रक बाजूला ढकललं जातं. नियमित ब्लॉकमध्ये दोन्हींच्या जागी पोकळीच दिसते. चरबी अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून गेलेली असते, ग्लायकोजनही बरंचसं धुतलं जातं. खात्री करायची तर ग्लायकोजनला किरमिजी करणारा पीएएस रंग द्या, शेजारी त्याच ब्लॉकचा दुसरा सेक्शन आधी डायस्टेज (ग्लायकोजन मोडणारं एन्झाइम) देऊन रंगवा. पहिल्यात किरमिजी आणि दुसऱ्यात काही नाही, तर ते ग्लायकोजन. चरबीसाठी मात्र ब्लॉक उपयोगाचा नाही. फॉर्मलिनमध्ये ओला तुकडा शिल्लक असेल तर त्याचे फ्रोझन सेक्शन (गोठवून काढलेले काप) काढून ऑइल रेड ओ हा चरबीचा रंग द्यावा लागेल. बरणी टाकून दिली नसेल अशी आशा.

माझा अंदाज ग्लायकोजनचा आहे आणि त्याचं कारण घड्याळात आहे. रॅट रात्री खातो. सकाळी लिव्हर ग्लायकोजनने भरलेलं असतं, दिवसभरात ते ओसरतं. रात्रभर उपाशी ठेवलेल्या रॅटच्या पेशी लहान आणि घट्ट दिसतात. तुम्ही शेवटच्या दिवशी सगळ्यांना सारखं उपाशी ठेवलं होतं का? आणि कापण्याचा क्रम काय होता? बहुतेक कॉलेजांत पहिला गट सकाळी, शेवटचा दुपारी तीननंतर, असं चालतं. मग कंट्रोल फुगलेला आणि वरचा डोस कोरडा दिसतो आणि प्रबंधात ‘अर्कामुळे ग्लायकोजन घटलं’ असं वाक्य छापून येतं. ते घटलेलं असतं दुपारमुळे. तुमच्या नोंदवहीत प्रत्येक जनावराची वेळ असेल तर तो तक्ता आजच काढा. फुग्यांची ग्रेड आणि वेळ शेजारी शेजारी मांडली की बरंच कळेल.

पेशी मोठ्या होणं हा वेगळा मामला. त्या नेमक्या कुठे मोठ्या आहेत ते बघा. सेंट्रल व्हेनच्या भोवती असतील, आतला रस एकसारखा, गुलाबी, धुरकट काचेसारखा असेल आणि लिव्हरचं वजन शरीराच्या वजनाच्या मानाने वाढलं असेल, तर ही पेशीतली द्रव्यं मोडणारी एन्झाइम वाढल्याची खूण आहे. फिनोबार्बिटल हे फिट्सचं औषध दिलेल्या रॅटमध्ये हेच होतं: बाहेरचं द्रव्य मोडून काढायला पेशी आतलं गुळगुळीत जाळं, म्हणजे स्मूथ एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, वाढवते आणि स्वतः मोठी होते. तिरफळाच्या वासाची द्रव्यं टर्पीन गटातली आहेत आणि वरच्या डोसला ती सगळी लिव्हरलाच निस्तरावी लागतात. बांगड्याच्या तिखल्यात चार तिरफळं पडतात; तुम्ही किलोमागे किती दिलंत ते बघा.

ही वाढ इजा कधी ठरते? पेशी मरत असतील, पेशी फुटल्यावर रक्तात उतरणारी एएलटी-एएसटी ही एन्झाइम वाढली असतील, पित्तनलिकांत बदल असेल, तर. युरोपातल्या टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजिस्टांच्या तज्ज्ञ बैठकीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, त्यांचाही रोख असाच आहे: इजेचा दुसरा पुरावा नसताना निव्वळ हायपरट्रॉफीला, म्हणजे पेशी मोठ्या होण्याला, प्रतिकूल परिणाम म्हणू नये. रॅटच्या रक्ततपासणीत ही एन्झाइम नॉर्मल आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग ‘टॉक्सिक’ हा शब्द लिव्हरपुरता तरी गळून पडतो.

तुलनेसाठी खरी इजा कशी दिसते ते एकदा पाहून ठेवा. पॅरासिटॅमॉल किंवा कार्बन टेट्राक्लोराइड दिलेल्या लिव्हरमध्येही सेंट्रल व्हेनभोवतीचाच पट्टा जातो, कारण त्या द्रव्यांना विषारी रूप देणारी एन्झाइम तिथे जास्त आणि संरक्षण करणारं ग्लुटाथायोन तिथे कमी. पण तिथे केंद्रकं आकसलेली किंवा विरघळलेली असतात, पेशी भडक गुलाबी आणि निर्जीव होतात, न्यूट्रोफिल या दाहाच्या पांढऱ्या पेशी जमा होतात. ॲलिल अल्कोहोल उलट कडेचा, पोर्टल भाग मारतं. जागा नोंदवल्याशिवाय लिव्हरचं निरीक्षण अर्धवटच राहतं. ‘हेपॅटोसाइट्स शो डीजनरेशन’ अशी वाक्यं प्रबंधांत वर्षानुवर्षं नकलून येतात, त्यांतून काहीही कळत नाही.

थायरॉइडचा ब्लॉक केला असेल तर तोही वाचा. लिव्हरच्या पेशीतली मोडणारी एन्झाइम वाढली की थायरॉक्सिन लवकर बाहेर टाकलं जातं, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच वाढतं आणि थायरॉइडच्या पेशी उंच होतात. रॅटमध्ये हे फार पटकन होतं. त्याच्या थायरॉक्सिनचं अर्धायुष्य दिवसभराच्या आतबाहेर, माणसाचं पाच ते नऊ दिवस. लिव्हर आणि थायरॉइड दोन्हीकडे जुळणारं चित्र मिळालं तर एन्झाइमची गोष्ट पक्की होते.

किडनीचे गुलाबी थेंब हा मला तुमच्या प्रश्नातला सर्वांत रंजक भाग वाटला. फक्त नर, फक्त जवळच्या वळणदार नलिका, चकचकीत गुलाबी गोळे. वयात आलेल्या नर रॅटचं लिव्हर अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनवतं. ते किडनीत गाळलं जातं, नलिकेच्या पेशी ते परत शोषून मोडतात. म्हणून कंट्रोल नरातही थोडे थेंब असतातच. काही द्रव्यं या प्रथिनाला चिकटतात, मग ते मोडायला जड जातं आणि थेंब साचतात. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण डी-लिमोनीन, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलातलं टर्पीन. दीर्घ प्रयोगात त्याने नर रॅटच्या किडनीत गाठी झाल्या, माद्यांत नाहीत, माउसमध्येही नाहीत. माणसात हे प्रथिनच नसल्याने अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९१ साली या मार्गाने होणाऱ्या गाठी माणसाच्या धोक्यात धरू नयेत असं ठरवलं आणि १९९९ साली आयएआरसी या कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने डी-लिमोनीन तिसऱ्या गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक ठरवता न येणाऱ्यांत, टाकलं.

तुमचा अर्क टर्पीनवाला, बदल फक्त नरांत. पण ‘हे तेच’ असं नुसत्या एच अँड ई या नेहमीच्या रंगावरून लिहू नका. मॅलरी-हायडेनहाइन रंगात थेंब उठून दिसतात; शक्य असेल तर त्या प्रथिनाचं इम्युनोस्टेनिंग (अँटिबॉडीने नेमकं ते प्रथिन रंगवणं) कुठल्या तरी मोठ्या लॅबकडून करून घ्या. एवढं जमलं नाही तरी ‘नरांपुरते हायलाइन थेंब, डोसप्रमाणे वाढ, नलिकेच्या पेशी मेलेल्या नाहीत, अल्फा-टू-यू मार्गाशी सुसंगत’ हे प्रामाणिक वाक्य आहे. सोबत सुटून पडलेल्या पेशी किंवा दाणेदार कास्ट (नलिकेत अडकलेले गोळे) दिसले तर तेही लिहा, कारण तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

जठराचं फार लांबवत नाही. रॅटच्या जठराचा पुढचा अर्धा भाग त्वचेसारख्या पेशींनी मढवलेला असतो, फोरस्टमक. मागचा ग्रंथींचा, मध्ये एक उंचवटा. नळीने दिलेलं जळजळीत द्रव्य आधी या पुढच्या भागात साचून राहतं आणि तिथलं आवरण जाड होतं, वर केराटिनचे थर चढतात. तिरफळ जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, त्यावरून कल्पना करा. माणसाला हा भाग नाही. तुमचा जाड भाग उंचवट्याच्या कुठल्या बाजूला आहे ते मात्र नक्की तपासा. ग्रंथींच्या बाजूला असेल तर माझं हे सगळं म्हणणं मागे घ्या आणि तो मुख्य निष्कर्ष म्हणून पुढे आणा.

फुफ्फुसातलं रक्त सगळ्या गटांत आहे, तेव्हा मारण्याच्या पद्धतीकडे बघा. कार्बन डायऑक्साइडने वायुकोषांत रक्त आणि रक्तवाहिन्यांभोवती पाणी दिसतं. एखाद्याच जनावरात, एकाच बाजूला, सोबत परकं द्रव्य आणि न्यूट्रोफिल असतील तर नळी चुकीच्या मार्गाने गेली होती. ते जनावर वेगळं नोंदवा. रात्री मेलेलं आणि सकाळी सापडलेलं जनावरही वेगळं ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत सहा तास पडलेल्या रॅटचं आतडं बघण्याच्या लायकीचं राहत नाही. आवरण गळून पडतं आणि नवखा त्याला नेक्रोसिस म्हणतो. सडलेल्या ऊतीत सगळं एकसारखं फिकट होतं, भोवती जिवंत पेशींची प्रतिक्रिया नसते.

आता जरा हवेबद्दल, कारण तुम्ही जुलैमध्ये टिश्यू प्रोसेस केलेत. कोकणातल्या पावसाळ्यात हे काम मुंबई-पुण्याच्या पुस्तकी वेळापत्रकाने होत नाही. ॲब्सोल्यूट अल्कोहोल उघड्या बरणीत हवेतलं पाणी ओढतं आणि ॲब्सोल्यूट राहत नाही. ते पाणी पुढे झायलीनमध्ये येतं. झायलीन दुधी झालं तर तिथेच थांबा, टिश्यू परत नव्या अल्कोहोलमध्ये न्या. नाहीतर मेण आत शिरत नाही, रिबन तुटते आणि लिव्हरच्या पेशींमध्ये खोट्या फटी पडतात, ज्यांना लोक ‘सायनुसॉइड रुंदावले’ म्हणतात. तुमच्या एका फोटोत मला अशा फटी दिसल्या. शेवटच्या अल्कोहोलच्या बरणीत तळाला भाजून कोरडं, पांढरं केलेलं मोरचूद, वर फिल्टर पेपर, हा जुना उपाय अजून चालतो. रंग निळा होऊ लागला की बदलायचं.

केंद्रकं तुमच्या स्लाइडमध्ये निळी न दिसता लालसर जांभळी आहेत. हेमॅटॉक्सिलिनला दोष देऊ नका. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्ल असतं, त्यात नीळ चढत नाही. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला, त्यात स्लाइड मिनिटभर बुडवा, फरक डोळ्यांना दिसेल. दुसरं, प्लीहेतले काळपट दाणे. फॉर्मलिन बफर न करता वापरलं की रक्ताजवळ हा रंगकण साचतो आणि तो ध्रुवीय प्रकाशात चमकतो. लोहकण चमकत नाहीत आणि पर्ल्सच्या, म्हणजे लोह दाखवणाऱ्या, रंगात निळे होतात. बाजारच्या फॉर्मलिनचे १०० मिली, पाणी ९००, त्यात ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, एवढ्यावर हा त्रास मिटतो. टिश्यूच्या दहापट तरी द्रव हवा. लोणच्याच्या बरणीसारखे अवयव खच्चून भरलेले डबे पाहिले की मला आतलं न बघताच कळतं, मध्यभाग कच्चा असणार.

मायक्रोस्कोपच्या भिंगावरची बुरशी ही आपली वार्षिक पाहुणी आहे. सिलिका जेल, बंद पेटी, नाहीतर कपाटात कमी वॅटचा जळता बल्ब. धुरकट फोटो ‘पेशींच्या कडा पुसट’ म्हणून प्रबंधात जाऊ नयेत एवढंच.

ग्रेडिंगचा तक्ता तुम्ही पाठवलाय: ‘प्लस, टू प्लस, थ्री प्लस’ आणि खाली सरासरी, अधिक-उणे प्रमाण विचलन. ग्रेड ही क्रमवारी आहे, तिची सरासरी काढून टी-टेस्ट लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक बदलापुढे किती जनावरांत दिसला आणि प्रत्येकात किती तीव्र, एक ते पाच, हे लिहा. एक म्हणजे काय आणि तीन म्हणजे काय, ते तुमच्याच शब्दांत ठरवून आधी नोंदवा. तुलना करायची तर मान-व्हिटनीसारखी क्रमाधारित चाचणी पुरते. आणि पाच जनावरांत पी व्हॅल्यूच्या मागे फार धावू नका. पाचपैकी पाच नरांत थेंब आणि डोसप्रमाणे चढती ग्रेड, हे आकडे स्वतःच बोलतात.

गट झाकून वाचावं का, यावर वाद आहे. माझी पद्धत, आणि या व्यवसायातल्या बऱ्याच जणांची, अशी: पहिलं वाचन गट माहीत असताना, कंट्रोल शेजारी ठेवून, कारण कशाला बदल म्हणायचं तेच आधी कळायला हवं. मग शंकेच्या बदलापुरत्या सगळ्या स्लाइड दुसऱ्याकडून नंबर झाकून, मिसळून पुन्हा वाचायच्या. एका दिवशी कंट्रोल आणि चार दिवसांनी वरचा डोस असं वाचलं तर मोजपट्टी नकळत सरकते. बदलांची नावं इनहँडच्या, म्हणजे रॅट-माउसमधल्या बदलांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण नावांच्या, यादीतून घ्या. लिव्हर आणि पित्तमार्गाची यादी २०१० पासून उपलब्ध आहे. फोटोखाली ‘४०एक्स’ लिहिण्यापेक्षा स्केल बार टाका.

वरच्या डोसच्या जनावरांचं वजन कमी भरलं होतं का? तिखट अर्काने खाणं घटतं, त्याचा ताण थायमसवर दिसतो: बाहेरच्या थरातले लिम्फोसाइट कमी, ॲड्रिनलचा बाहेरचा थर जाड. तेही अर्काचंच फळ, पण अर्काने थायमसवर थेट घाव घातला असं त्यातून निघत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की स्लाइड स्वच्छ असतील तर अर्क सुरक्षित म्हणावा का. म्हणू नका. आपल्याच डोंगरात काजरा (कुचला) आहे. त्यातल्या स्ट्रिक्निनने आचके येऊन मेलेल्या रॅटच्या मेंदू-मणक्यात नेहमीच्या स्लाइडवर काहीही खास सापडत नाही, कारण ते ग्लायसीनचा निरोप अडवतं, पेशी मोडत नाही. आणि शेजारीच नरक्या आहे, त्यातलं कॅम्प्टोथेसिन विभागणाऱ्या पेशी मारतं. आतड्याच्या क्रिप्टमध्ये, म्हणजे नव्या पेशी तयार होणाऱ्या खळग्यांत, मेलेल्या पेशींचे काळे दाणे चोवीस तासांत दिसू शकतात आणि २८ दिवसांच्या शेवटी कमी डोसला मागमूसही उरत नाही. तेव्हा निष्कर्षात ‘या डोसला, या कालावधीत, तपासलेल्या अवयवांत’ हे शब्द असू द्या.

परीक्षकांना उत्तर देताना प्राण्यांच्या नैतिक समितीकडे नव्या रॅटचा अर्ज करू नका, त्याची गरज नाही. लिव्हरचे चाळीस ब्लॉक पुन्हा कापा, जोडीने पीएएस रंगवा; वीस नर किडन्यांना मॅलरी-हायडेनहाइन; जठराचे ब्लॉक उंचवट्यासकट पुन्हा बसवा. चार मायक्रॉनचे सेक्शन, सगळे गट एकाच बॅचमध्ये रंगवलेले. सोबत मारण्याच्या वेळांचा तक्ता आणि लिव्हरची वजनं जोडा. गाइडना काळजीपूर्वक सांगा की ‘टॉक्सिक’ऐवजी ‘जुळवून घेण्याचा बदल’ लिहिल्याने प्रबंध कमकुवत होत नाही. ओल्या टिश्यूचे डबे मुंबईला पाठवायचे असतील तर आधी पूर्ण फिक्स करा, फॉर्मलिनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून दुहेरी पिशवीत घाला आणि डब्यावर पेन्सिलीने नंबर लिहा. मार्करची शाई अल्कोहोलच्या पहिल्या थेंबालाच जाते.